पोचण्याबद्दल वाद नाही

प्रिय ढब्बू,

जहाजांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाला ताई कुठल्या नावाने हाक मारते, ते तुझ्या सोबतच्या लोकांना कळू नये म्हणून पाकिटावर तुझं चांगलं नाव घातलंय. आत मात्र तू ढब्बूच. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. शेवटपर्यंत वाच, कळेल. मधली पानं गाळायची तुझी जुनी खोड आहे, ती आज नको. वाचताना मान वर केली नाहीस तरी चालेल.

आमच्या कॉलेजात यंदा नवा प्रयोग लावलाय. खूप उंचावर, विमानं उडतात त्याच्याही वर, अवकाशातून आलेले कण हवेवर आदळतात आणि त्यातून म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं आयुष्य इतकं तोकडं, की जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावले तरी साध्या हिशेबाने ते वरच्या वरच संपायला हवेत. तरी ते आमच्या तळघरात येऊन पोचतात. तिथे प्लास्टिकची जाड पाटी ठेवली आहे. म्युऑन तिच्यातून गेला की बारीकशी चमक होते आणि काउंटरचा आकडा पुढे सरकतो.

ते पोचतात कसे, हे दोन तऱ्हांनी सांगता येतं. आपण जमिनीवरून बघतो तेव्हा धावणाऱ्या म्युऑनचं घड्याळ संथ चालतं, म्हणून आपल्या हिशेबाने तो जास्त जगतो. त्याच्या जागी बसून बघितलं तर त्याचं घड्याळ अगदी ठीक असतं, आयुष्यही तेवढंच तोकडं. पण समोरून धावत येणारा हवेचा थर आखडून पातळ झालेला असतो, त्यामुळे रस्ताच थोडा उरतो. दोन्ही हिशेब खरे, फक्त एका वेळी एकच लावायचा. पोरं नेमकी इथेच माती खातात. घड्याळही संथ करतात, रस्ताही आखडतात, आणि दुहेरी सवलत घेऊन भलतंच उत्तर काढतात. आधी ठरवा, कुणाच्या जागी बसून बघताय, असं ओरडून माझा घसा बसलाय.

पोरांची ही चूक बघता बघता मला तुम्ही दोघं आठवलात. घर सोडून किती काळ झाला असं तुला विचारलं, तर म्हणतोस, आत्ता तर आलोय. घर किती लांब? तर म्हणे, बसलं की पोचलं, कधीही येईन. दुहेरी सवलत! म्हणूनच तू कधीच येत नाहीस. बाबांचं उलटं. त्यांच्या लेखी युगं लोटली आणि रस्ताही संपता संपत नाही. एवढ्या लांबून तो कसला येतोय, असं पुटपुटत ते लेथ चालू करतात. आपल्या वर्कशॉपात संगणकावर चालणारं मशीन आणू या असं तू म्हणालास, आधी हातावरचं काम नीट शीक असं ते म्हणाले, आणि तेवढ्यावरून बाप-लेकांनी जो अबोला धरला तो धरलाच. मध्ये मी, दोन्हीकडचे निरोप वाहणारी. मला कंटाळा आलाय. आणि तुझी फार आठवण येते, हेही सांगून टाकते.

तर, त्या पाटीसाठी स्टँड हवा होता. बाबांनी तो स्वतः बनवला आणि बसवायलाही स्वतःच आले. गुडघ्यांपायी जिना उतरताना कठडा धरावा लागला, पण हत्यारांची पेटी काही माझ्या हातात दिली नाही. स्टँड बसला तरी ते स्टुलावरून उठेनात, काउंटरकडेच बघत राहिले. हे एवढ्या वरून येतात होय, म्हणाले. मला तेवढंच निमित्त पुरलं. फळ्यावर दोन्ही हिशेब मांडून दाखवले. घड्याळाचा त्यांना पटला नाही, रस्ता आखडण्याचा तर मुळीच नाही. माझी कांब अशी आखडली असती तर गिऱ्हाइकाने डोक्यात घातली असती, म्हणाले. मग एवढंच विचारलं, की पण पोचतात ना? मी म्हटलं, वेळेवरून भांडा, अंतरावरून भांडा, पण पोचण्याबद्दल वाद नाही, ते दोन्ही बाजूंना मान्य करावंच लागतं. त्यांनी पेटीतलं फडकं काढलं. हात स्वच्छ होते तरी फडक्याला पुसत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी मला माळ्यावरची बॅग काढायला लावली आणि तुझ्या बंदराकडे जाणारी गाडी कुठून सुटते ते विचारलं. मी गुडघ्यांची आठवण करून दिली, तर म्हणाले, इतकं काही लांब नाही. ढब्बू, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. दार उघडल्यावर तुम्हा दोघांनाही शब्द सुचणार नाही आणि तू काहीतरी करायचं म्हणून उभ्या उभ्या पाकीट फोडशील, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच हे पत्र टपालात न टाकता त्यांच्या हाती दिलं आणि मुद्दाम लांबवलं, म्हणजे तुला सावरायला सवड मिळेल. पण तुझी ही दोनचार पानं होईस्तोवर समोर उभ्या असलेल्या माणसाच्या घड्याळात फार वेळ गेलाय. आता मान वर कर आणि आधी त्यांना खुर्ची दे. गुडघे दुखत असतील, सांगणार नाहीत.

तुझीच,
ताई