काकूंनी शपथेवर वाचलेलं वाक्य

मंगळवार, ९ जून

मग काय, नाही म्हणायचं होतं का मी? तूच सांग! कोऱ्या पानाला बोलायला काय जातंय. कांचनकाकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं — "अगं, तू लिहितेस ना? मग मला तीन मिनिटांचं बोलायला लिहून दे." मी दोन वर्षं एकच गोष्ट लिहितेय, एमएफए — तो लेखनाचा कोर्स — अर्धवट सोडून बसलेय, आणि ह्या घराच्या वरच्या खोलीत राहतेय कारण बाबांची आणि मोरेश्वरकाकांची जुनी दोस्ती. आणि मी म्हणायचं, सॉरी काकू, मी एक्सपेरिमेंटल लिहिते?

विषय वीज आहे. हसू नकोस.

आमच्या ह्या ओहायोतल्या डब्लिनच्या आजूबाजूला ती बिनखिडक्यांची गोदामं उठलीयत ना — डेटा सेंटरं — ती एवढी वीज खातात की आणखी काही उन्हाळ्यांनी सगळ्यांना पुरणार नाही म्हणे. पुरली नाही की वीज कंपनी पाळीपाळीने एकेक भाग बंद करणार. आत्ताचा नियम असा की ज्या लाइनवर कुणाच्या घरी श्वासाचं मशीन आहे, ती लाइन सगळ्यात शेवटी बंद करायची. आमची लाइन त्यातली. काकांमुळे. त्यांची फुप्फुसं गेलीयत, नाकात कायम नळी, आणि खाली हॉलमध्ये ते मशीन दिवसभर फुसफुसत असतं. आता कंपनीला नियम बदलून हवाय. शेवटचा नंबर डेटा सेंटरांना. आम्ही बाकीच्यांसारखे पाळीत. "आधी फोन करून कळवू," म्हणे! फोनवर श्वास घ्यायचा का माणसाने?

राज्याच्या वीज आयोगापुढे सुनावणी आहे, लोकांनी जाऊन बोलायचं आहे. काका आयुष्यभर पॉवर प्लांटमध्ये इंजिनीअर. सगळे कागद वाचून, पेन्सिलीने खुणा करून बसलेत. पण सलग चार वाक्यं बोलले की धाप लागते. म्हणून काकू.

गुरुवार, ११ जून

किचन टेबलवर बसलो तिघं. मी म्हटलं, काकू, मागच्या ऑगस्टमध्ये वादळाने वीज गेली होती, त्या दुपारचं सांगा.

"त्यात काय सांगायचं? मशीन बंद पडलं, बॅटरी संपली, सिलिंडर लावलं. फ्रीजरमधलं सीताफळ आइस्क्रीम वितळून राहिलं होतं, म्हटलं खाऊन टाका."

"खात होतो की मी!" काका. "मध्येच डुलकी लागली. उठून बघतो तर बाउलमध्ये बासुंदी. आणि हिने स्वतःच्या बाउलला चमचासुद्धा लावलेला नाही. सीताफळाचं होतं, इशिता! अख्खं ओहायो फिरलो तरी मिळत नाही."

"डाएट होतं माझं."

"तुझं डाएट! लग्नात जिलब्या कोण खात होतं?"

दोघं हसले. काकांना हसून खोकला आला, काकूंनी पाठ चोळली. गोड आहेत यार दोघं. पण आयोगाला काय सांगू? की मोठी गंमत आली, आइस्क्रीम पार्टी झाली?

सोमवार, १५ जून

पहिला ड्राफ्ट मशीनच्या तोंडून लिहिला. दुसरा एकही पूर्णविराम न देता — धाप लागल्यासारखा. देवांगला पाठवला. देवांग म्हणजे आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी, तोच सगळ्यांना सुनावणीला घेऊन जाणार आहे. त्याचा फोन — "इशिता, हे काय आहे यार? कमिशनर बसलेत समोर, कविसंमेलन नाहीये. साधं लिही. आणि रडवणारं लिही."

साधं लिहिलं. आइस्क्रीम काढलं. मग बसल्या बसल्या एक वाक्य आलं, आपसूक — "त्या दुपारी त्यांचे ओठ निळे पडले, मी हाका मारत होते, आणि ते ओ देत नव्हते."

असं काही झालंच नव्हतं. पण अख्ख्या पानावर जिवंत तेवढंच होतं!

काका झोपले होते तेव्हा मी काकूंना दाखवायला गेले. खाली कपडे धुवायच्या खोलीत होत्या. वाचलं. त्या वाक्याशी थांबल्या. परत वरून वाचलं, परत तिथेच.

"हे कुठून आणलंस?"

"सुचलं, काकू. नको असेल तर काढते."

हातातल्या टॉवेलची घडी घातली. मोडली. परत घातली.

"राहू दे."

मी तरंगत जिना चढले. माझ्या वाक्याशी आजवर कुणी असं थांबलं नव्हतं.

गुरुवार, १८ जून

शपथ असते.

मला माहीत नव्हतं! मला वाटलं मंडळात बोलतात तसं — नाव द्यायचं, माइक धरायचा, टाळ्या. देवांगपण अशा सुनावणीला कधी गेला नव्हता, आमच्यातलं कुणीच गेलं नव्हतं. काकू माइकजवळ पोचल्या आणि टेबलामागचा माणूस म्हणाला, उजवा हात वर करा. जे सांगाल ते खरं सांगाल? काकूंनी हात वर केला. बांगड्या घसरून कोपरापर्यंत गेल्या. मी तिसऱ्या रांगेतून हातवारे करतेय — ते वाक्य गाळा, गाळा! त्यांनी बघितलंच नाही.

वाचलं. पाठ असल्यासारखं, कागदाकडे न बघता. कमिशनर बाईंनी चष्मा काढून ठेवला.

कंपनीचा वकील उभा राहिला, काहीतरी विचारणार होता, मग बसला.

देवांग पार्किंगमध्ये — "फोडलंस यार!" मी गाडीत मागे बसले. काकू पुढे. मीच त्यांना खोटं बोलायला लावलं, तेही हात वर करून.

शुक्रवार, १९ जून

काकूंनी विषय काढला नाही. मीही नाही. काकूंनी रोजच्यासारखा सकाळी पडदा सरकवला, उजेडात काकांच्या तोंडाकडे नीट बघितलं, मग चहाचा कप हातात दिला. किती प्रेम! आणि ह्या बाईला मी काय करायला लावलं.

शनिवार, २० जून

पेपरात आलं. हेडिंगमध्येच निळे ओठ. काका नाश्त्याला आयपॅडवर वाचत होते.

"कुणाचे ओठ? माझे?"

मी काकूंकडे बघितलं. त्या सिंककडे तोंड करून म्हणाल्या, "इशिताने लिहून दिलं होतं. मी वाचलं."

बस. एवढंच. खरंच तर होतं!

काकांनी आयपॅड उलटा ठेवला. "तू… माझ्या बायकोला… शपथेवर… खोटं बोलायला लावलंस?"

"काका, मला माहीत नव्हतं शपथ —"

"शपथ नसती तर चाललं असतं?"

काका पुढे झुकले.

"आयुष्यभर एक रीडिंग बदललं नाही मी. वरचे साहेब सांगायचे, आकडा थोडा गोल करा. नाही केलं." धाप. थांबले. नळी नीट केली. "मी आइस्क्रीम खात होतो, इशिता! उद्या त्या वकिलाला हे कळलं, की आपण सगळेच खोटे. ज्यांच्या घरी मशीन आहे ते सगळे. कोण ऐकणार मग?"

काकू धुतलेला तवा परत धूत होत्या.

"तीस तारखेला कोलंबसला शेवटची सुनावणी आहे. तिथे जा. उभी राहा. आणि सांग, ते वाक्य माझं होतं, तिचं नव्हतं."

मंगळवार, २३ जून

काका आता मला "इशिताबाई" म्हणतात. मीठ हवं असलं तरी काकूंना सांगतात, इशिताबाईंना म्हणावं मीठ सरकवा. मीठ माझ्यासमोर असतं.

देवांगला सांगितलं. "वेडी आहेस का? त्या एका वाक्यावर कंपनी मागे सरकतेय! मशीनवाल्या घरांना हात लावणार नाही असं बोलायला लागलेत. तू जाऊन म्हणणार, सॉरी, इमॅजिनेशन?"

तो बरोबर आहे. काका पण बरोबर आहेत. सांगितलं तर काकू शपथेवर खोटं बोललेली बाई, आणि लाइन गेली. नाही सांगितलं तर मी रोज हा जिना उतरून त्या मशीनसमोरून जायचं.

बाबांना घरी, पिस्कॅटवेला, फोन लावला. उचलला. म्हटलं, काही नाही, सहज.

आणि खरी भीती वेगळीच आहे. तुलाच सांगते. ते वाक्य अजून आवडतं मला.

शुक्रवार, २६ जून

तीस तारखेसाठी नाव नोंदवलं. बाहेर पंच्याण्णव डिग्री फॅरनहाइट, सगळ्यांचे एसी फुल. रात्रंदिवस कान खालच्या मशीनकडे.

सोमवार, २९ जून

काकूंना विचारलं, येताय ना उद्या? "येते. हे पण येतो म्हणताहेत." काकांना कोलंबसपर्यंत? ह्या उन्हात? "तू बोलताना ऐकायचंय त्यांना." माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मग बघितलं. काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात काकांनी हाक मारली.

मंगळवार, ३० जून — कोलंबस, सुनावणीच्या हॉलबाहेरचा बाक

भरभर लिहितेय. काका आत पहिल्या रांगेत बसलेत, खांद्याला छोटं मशीन. मघाशी काकूंनी दंडाला धरून मला इथे बाहेर आणलं, पाण्याच्या नळाजवळ. नळ चालू ठेवला, आवाज होईल म्हणून.

"निळे झाले होते गं."

मला कळेना.

"ती डुलकी नव्हती. सिलिंडर उघडायची चावी सापडत नव्हती मला. ड्रॉवरच्या मागे पडली होती. मी हाका मारून राहिले, आणि हे… ओ नाही. चावी सापडली, लावलं, तर डोळे उघडून काय म्हणतात — आइस्क्रीम वितळलं की गं!" हसल्या. "तेव्हा मीच म्हटलं, डुलकी लागली तुम्हाला."

"काका —"

"त्यांना कळलं तर ते डोळे मिटायचे नाहीत परत. झोपणारच नाहीत. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझा कागद वाचला तर वाटलं, हिला कुणी सांगितलं? मग वाटलं, मिळतंय तर एकदा बोलून घेऊ. शपथ घ्यायला लावली, तर शपथेवर." नळ बंद केला. "यांच्यापुरती तू खोटी राहशील का गं?"

आणि आत जाऊन काकांच्या शेजारी बसल्या.

सकाळचा पडदा. उजेडात ओठ बघणं. मला कुठून सुचलं होतं म्हणे! रोज समोर दिसत होतं.

नोंदणीच्या टेबलामागच्या माणसाला सांगून नाव काढून घेतलं. वाक्य राहिलं तिथेच, आयोगाकडे. ते माझं नव्हतंच कधी.

आतून नावं पुकारतायत. माझ्यानंतरचं पुकारलं. काचेतून दिसतंय — काका मागे वळले. मला शोधतायत. काकूंनी त्यांचा हात धरलाय, पण ते उठतायत, मशीन सावरत, दाराकडे येतायत.

काय विचारणार ते मला माहीत आहे; वाक्य माझंच होतं, उभं राहायची हिंमत झाली नाही, एवढंच सांगणार त्यांना.

निघाले मी.