गंगाजळी फोडली कोणी

माझी गंगाजळी कोणीतरी फोडली अन् घरात फोडणारा कोणीच नाही. हे आधी ऐका, आत्याबाई. सासूच्या पाया मागून पडते.

काशीहून तुम्ही तांब्याच्या दोन आणल्या होत्या. तोंडं झाळून बंद केलेली, हलवलं का आत गंगेचं पाणी वाजे. मामाजी, तुमचे मालक, म्हणाले होते, "कारध्याची वैनगंगा आटली काय, म्हणून पाणी इकत आणलं?" मी नवी नवरी, एकीचं तोंड नखानं खरडून पाहिलं तं तुम्ही हातावर फटका देल्ला. "डबा उघडतेत, पेटी उघडतेत. हे फोडतेत. फोडली का त्या माणसाची आशा सोडली समज." एक तुमच्यासाठी फोडली. माझ्या नवऱ्यानं खिळा ठोकला, तोंडात पाणी घातलं अन् तुम्ही गेल्या. तो वावरात एकाएकी गेला, त्याले पाण्याची वेळच आली नाही. उरली ते माझी.

यंदा भादव्यात मले ताप चढला, शुद्ध नव्हती. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून जिती परत आली. दिवाळीले देव्हाऱ्यातली भांडी काढली तं गंगाजळी हलकी, आत टिपूस नाही, बुडाले खिळ्याचं भोक. सून म्हणते, "घासता घासता फुटली असन, आई." मी म्हटलं, "तुझ्या घासणीले खिळे हायेत काय?" नात म्हणते, "पाणी सुकलं असन, आजी." इतकी वर्षं नाही सुकलं, यंदाच कसं सुकलं? मंग दोघीही तांदूळ निवडत बसल्या.

तापातलं मले एवढंच आठवते. जिभेवर तुळशीचं पान, तांब्याच्या चवीचं पाणी, अन् हनुवटी धरलेला हात. बाईचा नव्हता. आटोची फटफट त्याच्या मागून आली. आधी पाणी, मंग आटो. घरात गडीमाणूस एकच, माझा पोरगा.

सगळ्याईले विचारून झालं, त्यालेच नाही विचारलं. सकाळी तोच चहा आणून देते, मी कपाकडे पाहते अन् पिते. खरं बोलला तं काय करू, हे मले समजून नाही राहिलं. म्हणून तुमच्यापाशी लिहून राहिली. हा कागद कुठी जात नाही, उशीखाली राहीन. पण विचारीन त्या दिवशी सुनेनं मधात तोंड घालायचं नाही. तुमचा लाडका नातू आहे म्हणून तुम्हीही तिकडून त्याची बाजू घेऊ नका. जबाब त्यानंच द्यायचा.