बंद काचेची बस आणि माझ्या खुंट्या

हिंगोली, रविवार

जीपच्या मागच्या पायऱ्या, टपावरचे कॅरियर, हळद शिजवायच्या दोन कढया, तुमच्या ओसरीतला झोपाळा (कडी अजून कुरकुरत नसेल, कुरकुरली तर तेल तुमी घातलं नाही) आणि अलीकडची बसथांब्यावरची खुंट्यांची पट्टी, हे सगळं कोणाच्या हाताखाली न शिकता स्वतःच्या हातानं करणाऱ्या सेवाचा ओमप्रकाश दाजींना रामराम. गुडघा कसा आहे? शिलाअक्काला नमस्कार. इकडं सगळे बरे आहेत, मी सोडून. मला बसवत नाही. एवढं लिहिस्तोवर दोनदा उठून थांब्याकडं पाहून आलो. पट्टी जागेवर आहे. उद्या राहील का, सांगता येत नाही.

पहिल्यापासून सांगतो. शहरातली वाहतूक सुधारायची म्हणून सरकारनं पैसा ओतला आणि आपल्याकडं दोन विजेच्या बस आल्या, स्टेशन ते धान्यबाजाराचा मोंढा. आत गारवा, म्हणून काचा कायमच्या बंद. थांबा नेमका माझ्या वर्कशॉपसमोर. आता जागा धरायची आपली रीत तुमाला ठाऊक आहे: आधी खिडकीतून रुमाल आत, मागून माणूस सावकाश. (पार्वतीबाई काकू नातवाची टोपी टाकतात, टोपी नसली तर चप्पल.) पहिल्या दिवशी नारळ फुटला, लोक धावले, आणि सगळे रुमाल काचेवर आपटून ज्याच्या त्याच्या तोंडावर परत आले. आपला पानवाला मुंजाजी तेवढा हुशार. उघडी खिडकी एकच, ड्रायव्हरची. त्यानं तिच्यातून टाकला. ड्रायव्हर चहा पिऊन येतो तर सीटवर रुमाल आणि रुमालावर मुंजाजी.

"उठा काका, मला गाडी चालवायची हाय."

"मंग चालव की. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो? जागा माझी हाय, खाली रुमाल पाहून घे."

लोकांनीही मुंजाजीचीच बाजू घेतली, कारण रुमाल खरंच पहिला पडला होता. शेवटी त्याला कंडक्टरची सीट दिली, कंडक्टर मोंढ्यापर्यंत उभा गेला, तेव्हा बस हलली.

मला ते पाहवलं नाही. त्याच आठवड्यात थांब्याला पट्टी ठोकली. जितक्या सीट तितक्या खुंट्या, बारा मिलिमीटरची सळई, टोक वर वळवलेलं (सरळ टोकावरून रेशमी रुमाल घसरतो). येईल त्यानं रुमाल अडकवायचा, बस आली की त्याच क्रमानं चढायचं. धक्काबुक्की बंद. काकू आदल्या दिवशीच टोपी अडकवून जातात. ती मी संध्याकाळी उतरवतो. पट्टीखाली वेल्डिंगच्या अक्षरांत माझं नाव आहे. दाजी, इतक्या वर्षांत माझी कामं अख्ख्या जिल्ह्यात फिरली, नाव मात्र एकावरही नव्हतं.

आता थांब्याचा कंत्राटदार म्हणतो, पट्टी नकाशात नाही. ठेवायची तर नाव घासून काढ, तिथं माझ्या कंपनीची पाटी लागेल. नाहीतर उद्या साहेब पाहणीला यायच्या आधी कापतो. (कापायला ग्राइंडरही माझाच मागून राहिला होता.) मी दोन्हीला नाही म्हणालो. घरी आमच्या निर्मलाबाईनं ताट वाढताना विचारलं, "पट्टी ऱ्हाते न? मंग नाव घासलं तर तुमचं काय झिजतं?" मी ताटावरून उठून थांब्याकडं गेलो. तेव्हापासून ती बोलत नाही आणि मी उठबस करून राहिलो.

तुमचा,
सेवा

ता. क. पाहणीला येणारे साहेब तुमी शाळेत शिकवलेले आहेत म्हणे. उद्या सकाळी त्यांना फोन करा. पट्टी राहावी, नावासकट. घाई आहे म्हणून पत्राचा फोटो मोबाईलवर पाठवतो. मूळ प्रत पोस्टानं येईल, फोटोत अक्षर वाकडं दिसतं.

ता. क. दुसरा. अक्काला म्हणावं, निर्मलाबाईची समजूत घाल, पण रकमेचा विषय काढू नको. नाव घासून नमुना दिला तर कंत्राटदार सगळ्या थांब्यांवर तशाच पट्ट्या लावणार होता आणि मला रोख पैसे देत होता. मी नाकारले, हे तिला माहीत आहे. मी तिला सहा हजार सांगितलेत. साठ हजार होते.