आतून झिजणारे टायर

९ एप्रिल

पुन्हा रेडिएटर! डोलोन घाट चढता चढता काटा लालमध्ये गेला. बॉनेट उघडलं तर एवढी वाफ, की मागच्या सीटवरची बाई थेट कलमाच म्हणायला लागली. चार उतारू, दोन पोती बटाटे आणि मी. रस्त्याकडेचा बर्फ बाटल्यांत भरायचा, हातांनी वितळवायचा, ओतायचा — सव्वा तास. मग रांगत रांगत कोचकोर गावापर्यंत. एकाने अर्धंच भाडं हातावर टेकवलं. मागायची लाज वाटली.

११ एप्रिल

रेडिएटर बदलला. बारा हजार सोम. ‘नवा’ म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेला.

बायको, कुलुइपा, म्हणते, “सात घोड्या विकून ही सवत आणलीत. घोड्या दूध तरी द्यायच्या. ही नुसती पिते!” खरंच आहे. डेपो बंद झाला, बसचं स्टिअरिंग सुटलं, दुसरं काही येत नाही मला. बिश्केकच्या बाजारातला गाडी विकणारा छातीवर हात ठेवून सांगत होता — “डॉक्टरने वापरलेली आहे, दादा. फक्त दवाखाना ते घर.” पांढरीशुभ्र जपानी जीप. आत बसलो तर अजून कातड्याचा वास. सहा महिने झाले त्याला. या सहा महिन्यांत त्या डॉक्टरला मी मनातल्या मनात फार शिव्या दिल्यात.

२८ एप्रिल

पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने गुळगुळीत! बाहेरून बघावं तर नवेकोरे. सहाच आठवडे झालेत घेऊन. अब्दिलकडे गेलो. (शाळेत एका बाकावर होतो आम्ही. आता त्याचं नदीकाठी गॅरेज आहे. बोलायचे पैसे पडतात असं वागतो.) त्याने टायरवरून बोट फिरवलं. “अलाइनमेंट कर.”

केली. दीड हजार.

२० मे

हेडचं गॅस्केट गेलं. इंजिन खाली उतरवलंय. नऊ दिवस झाले, गाडी अब्दिलकडे, मी घरात. गाडी सुटी सुटी करून चटईवर मांडलेली बघवत नाही.

अब्दिल म्हणाला, “इंजिन वाईट नाही. तापून तापून कंटाळलंय बिचारं. तुझ्यासारखं.”

अडतीस हजार. त्याने मजुरी लावली नाही तरी.

२ जून

चालू झाली. छान चालली! बिश्केकला जाऊन-येऊन एक थेंब पाणी घेतलं नाही. येताना कोचकोरला थांबलो, कुलुइपासाठी ओढणी घेतली. ती म्हणाली, “गाडीलाच बांधा, नजर नको लागायला.” पण डोक्याला बांधून शेजारी जाऊन आली.

१७ जून

टायर पुन्हा आतून झिजले. तिसरी अलाइनमेंट. मशीनवाला वैतागला — “काका, मी सरळ करतो, दाराबाहेर गेली की ही वाकडी. गाडीलाच वाकडं चालायचंय.” स्टिअरिंग डावीकडे ओढतंय. खांदा दुखतो.

१९ जून

आज अब्दिलने गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली. खाली उतरला. बराच वेळ तारेच्या ब्रशचा आवाज. मग हाक. “मांबेत, खाली ये.”

बॅटरीच्या उजेडात दाखवलं. चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, ड्रायव्हरच्या सीटच्या मागे, आडवा सांधा. वर काळा रंग, रंगावर मुद्दाम थापलेला चिखल. दुसऱ्या बाजूलाही तसाच.

“ही एक गाडी नाही,” तो म्हणाला. “दोन आहेत. पुढची अर्धी एकीची, मागची दुसरीची. दोन्ही कुठेतरी ठोकलेल्या. करवतीने कापून जोडल्यात. म्हणून टायर खाते.”

मी विचारलं, सुटेल का?

“दहा वर्षं टिकेल. नाहीतर उद्या सुटेल. मला काय माहीत कोणी जोडलंय.”

“तू काय केलं असतंस?”

हात पुसत राहिला. “माझ्या सुनेला मी यात बसवणार नाही. एवढंच सांगतो.”

२० जून

कुलुइपाला सांगितलं नाही.

२१ जून

आज चार उतारू नेले. हो, नेले! आधीच ठरलेले होते. घाटात ताशी तीस. मागचे हॉर्न वाजवून वाजवून पुढे गेले. पुढच्या सीटवरचा पोरगेलासा शिपाई म्हणाला, “काका, झोप लागली का?” सगळे हसले. मीही हसलो. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं आता मागची दोघं मागेच राहणार. भाडं घेताना कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

आता नाही. पुन्हा नाही.

२३ जून

सांगितलं. आधी ती रडली, मग भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी. मग म्हणाली —

“विका.”

“कुणाला?”

“जो घेईल त्याला. आपल्याला विकणाऱ्याने सांगितलं होतं?”

“कुलुइपा, माणसं मरतील त्यात.”

“आणि आपण काय खाऊन जगणार आहोत? तुम्ही चोपन्न वर्षांचे, मी शाळेत कणीक मळते. सात घोड्या, अहो! सात!”

२७ जून

नवे टायर टाकले. चारही. का, ते इथेसुद्धा लिहावंसं वाटत नाही. जुने बघितले असते तर कुणालाही कळलं असतं.

४ जुलै

विकली.

चायेकचा माणूस. सोवेतबेक नाव, शाळेत गणित शिकवतो. बायको आणि म्हातारी आई बरोबर. आईचे गुडघे गेलेत, तिला उन्हाळ्यात गरम पाण्याच्या झऱ्यावर न्यायचंय, म्हणून गाडी. त्याला गाडीतलं काही कळत नाही. टायरवर लाथ मारली, दारं उघडली-मिटली, हॉर्न वाजवून बघितला. बायकोने मागच्या सीटवर हात फिरवला.

मी म्हटलं, “खालून बघायची असेल तर इथे एक मिस्त्री आहे.” खरंच म्हटलं. पण आवाज असा काढला, की बघायची गरज नाही असंच वाटावं. तो म्हणाला, “दादा, तुमचं तोंड बघितलं, बास झालं.”

सात लाख वीस हजार. मोजायला त्याला वेळ लागला, सगळ्या लहान नोटा.

निघताना म्हातारीला मी धरून गाडीत बसवलं. तिने दोन्ही तळवे वर केले, मला दुवा दिली — “तुझी वाट पांढरी असो, बाळा.” चोपन्नाव्या वर्षी मला कुणी बाळ म्हणालं.

५ जुलै

कुलुइपाने पिठाचे बोरसोक तळले. गुणगुणत होती. मी माझं ताट तिच्याकडे सरकवलं.

२६ जुलै

दोन घोड्या घेतल्या. एक भुरी, एक काळी. गुंतलोय त्यांच्यात. रस्त्यावरून पांढरी जीप गेली की मात्र मान वळतेच. किती पांढऱ्या जीप आहेत या देशात! आधी कधी दिसल्या नव्हत्या.

११ ऑगस्ट

अब्दिल भेटला. “गाडी कुठंय?” म्हणाला. विकली म्हटलं. त्याने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

३० ऑगस्ट

बाजारात मांसवाली कुणाला तरी सांगत होती — डोलोनला पांढरी जीप दरीत गेली, घरची सगळी माणसं होती आत. हातातली पिशवी तिथेच टाकली. अब्दिलकडे पळालो. धाप लागून बोलता येईना. त्याने घाटातल्या चौकीवर फोन लावला. मी खड्ड्याच्या काठावर बसलो.

दुसरी गाडी होती. बिश्केकची माणसं. तिघं गेली.

आणि मला आनंद झाला! कुणाची तरी तीन माणसं गेली आणि मला इतका आनंद झाला, की तिथेच हुंदका फुटला. अब्दिलने फोन खाली ठेवला. मग म्हणाला, “जा, मांबेत. जाऊन सांग त्याला.”

१ सप्टेंबर

कुलुइपाला म्हटलं, पैसे परत देणार, गाडी परत आणणार आणि भंगारात घालणार. वाटलं होतं घर डोक्यावर घेईल. तिने एवढंच विचारलं, “त्या म्हातारीचं नाव काय?” मला माहीत नव्हतं. मग तिने पेटीतून पैशांचं पाकीट काढून समोर ठेवलं. “काळी घोडी विका. भुरी राहू द्या. कमी पडतील ते त्याला सांगा, वर्षभरात देऊ. आणि जाताना हातात काही तरी न्या. रिकाम्या हाताने असलं सांगायला जायचं नसतं.”

एकतीस वर्षं संसार केला हिच्याबरोबर.

६ सप्टेंबर

चायेकला जाऊन आलो. गाडी अंगणात नव्हती. म्हटलं शाळेत नेली असेल. पण सोवेतबेक घरातच होता. मला बघून केवढा खूश झाला! आत नेलं, दस्तरखान पसरलं, म्हातारीने स्वतः चहा ओतला. मी पाकिटाला हात घातला, तेवढ्यात तोच म्हणाला —

“दादा, वाईट नका वाटून घेऊ. ती कापून जोडलेली होती. पहिल्याच महिन्यात इथल्या मिस्त्रीने दाखवलं. तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही. तुम्ही भला माणूस, तुम्हाला कुठे माहीत असणार! उगाच जीवाला लावून घेतलं असतंत.”

“मग गाडी?”

“विकली. ओशच्या बाजारात. मोठं कुटुंब होतं, घासाघीससुद्धा केली नाही बिचाऱ्यांनी. नाव नाही विचारलं.”

पाकिटावरचा हात काढून मी चहा प्यालो.