खडखड, खुळखुळ आणि कोर्सची फी

सोमवार, ३ नोव्हेंबर

"तुम्ही नुसतं लिहून घ्या हो मॅडम, तुम्हाला त्यातलं काय कळणार!" — इति पांढरी गाडीवाला. मी एवढंच म्हटलं होतं की टकटक फक्त वळताना होत असेल तर पुढच्या चाकाजवळचा सांधा गेला असेल.

सहा वर्षं या गॅरेजच्या काउंटरवर बसून जॉब कार्डं लिहितेय. गाडीचा नंबर, तक्रार, किती दिवसांपासून, अंदाजे खर्च, ग्राहकाची सही. तक्रार विचारली की सगळे एकच म्हणतात — आवाज येतो. कसला? मग त्यांना तोंडाने काढून दाखवायला लावते. मोठमोठे साहेब माझ्यासमोर उभे राहून "घूंऽऽ" करतात आणि मी हसू दाबून लिहिते. खडखड वेगळी, खुळखुळ वेगळी. कुरकुर म्हणजे रबर, किर्र म्हणजे ब्रेक. नीट लिहिलं नाही तर मिस्त्री कार्ड परत पाठवतात. बोलत काही नाहीत, नुसतं परत पाठवतात.

संध्याकाळी सांधाच निघाला! गाडीवाल्याने मिस्त्रींच्या खिशात बक्षीस कोंबलं. मला साधं थँक्यू नाही. आधी लाज वाटली, मग राग आला, आणि येताना बसस्टॉपच्या भिंतीवरून एक जाहिरात फाडून आणली. 'मोटार दुरुस्ती, एक वर्षाचा पूर्णवेळ कोर्स. नोकरीची हमी.'

मंगळवार, ४ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत कोर्सच्या ऑफिसात जाऊन आले. तिथल्या टायवाल्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "मुलगा बारावीला किती टक्के?"

म्हटलं, मुलगा नाही, मी. त्याने पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

फी म्हणजे माझा नऊ महिन्यांचा पगार. हत्यारांची पेटी वेगळी, ती दोन महिन्यांची. शिवाय वर्षभर नोकरी बंद. आणि पास झाल्यावर? "सुरुवातीला, मॅडम, तुमच्या आताच्या पगारापेक्षा थोडं कमी." म्हणजे कमी पगार मिळवण्यासाठी आधी पैसे भरायचे! पण तीन वर्षांनी दुप्पट म्हणे. नोकरीची हमी कुठे लिहिलीय विचारलं, तर म्हणाला जाहिरातीत. फी भरायची शेवटची तारीख पंधरा.

बुधवार, ५ नोव्हेंबर

नवऱ्याने कागदावर दोन रकाने आखले. खर्चाचा रकाना कागद संपेपर्यंत. फायद्याच्या रकान्यात एकच ओळ — 'आपली गाडी फुकटात दुरुस्त.' आपल्याकडे गाडी नाही!

हिशोब असा निघाला की पैसे वसूल होतील तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची असेन. नवरा म्हणाला, "तशी तू सत्तेचाळीसची कोर्स न करताही होणारच आहेस." चेष्टेत म्हणाला, पण मला पटलं. सासूबाई आतून — "या वयात लोक गुडघे दुरुस्त करून घेतात, ही गाड्या करायला निघालीय!"

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मिस्त्रींना विचारायचं ठरवलं. तीस वर्षांचा अनुभव. मालक तर गिऱ्हाइकांना सांगत असतात, "आमच्या मिस्त्रीच्या हाताला कान आहेत! नुसता बॉनेटवर पंजा ठेवतो. चार वर्षांत एक गाडी परत आलेली नाही."

गाडीखाली होते. वाकून म्हटलं, "मिस्त्री, मी हे काम शिकू का?"

"उद्या दुपारपर्यंत होईल."

पुन्हा विचारलं, मोठ्याने.

"पार्ट आला की सांगतो ना बाई."

असं टोलवतात! बाईमाणसाला 'नाही' म्हणायचीसुद्धा तसदी नाही. दिवसभर त्यांची कार्डं मुद्दाम गचाळ अक्षरात लिहिली. सगळी परत आली.

रविवार, ९ नोव्हेंबर

फॉर्म भरायला घेतला. 'पालकाची सही' म्हणे. एक्केचाळिसाव्या वर्षी पालक आणू कुठून? आईवडील जाऊन दहा वर्षं झाली. टायवाल्याला फोन केला तर म्हणाला, रकाना रिकामा ठेवला की कॉम्प्युटर घेत नाही.

नवरा पेन घेऊन पुढे सरसावला. त्याला म्हटलं, तुम्ही माझे पालक असाल तर मला घर सोडावं लागेल. तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा मागितला. फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, नियमांसकट. मग एकेक अक्षर कोरत पूर्ण सही केली आणि बजावलं, "नापास झालीस तर मला बोलावतील. लक्षात ठेव."

मला रडू आलं. सांगितलं, कांदा चिरत होते. चिरत नव्हते, हे त्यांनाही दिसत होतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दोन दिवस फुकट वर्गात बसू देतात, म्हणून सहा वर्षांत पहिल्यांदाच रजा टाकली. वर्गात सतरा मुलगे आणि मी. "काकू, इथे बसा," म्हणून पंख्याखालची जागा दिली.

सरांनी इंजिन सुरू केलं. "काय बिघडलंय?" सगळे इंजिनाकडे बघत बसले. मी म्हटलं, सुरू होताना किंचाळलं आणि मग गप्प झालं, म्हणजे पट्टा. सरांनी विचारलं, कुठे शिकलात? म्हटलं, काउंटरवर.

बुधवार, १२ नोव्हेंबर

चाकाचा नट कुणालाच निघेना. मी पान्यावर चढून उभी राहिले. सुटला! आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन कुणाच्या कामी आलं. नखांत ग्रीस गेलंय, साबणाने निघत नाहीये, आणि मला ते काढायचंही नाहीये. मला हेच करायचंय. सत्तेचाळीस तर सत्तेचाळीस!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

गॅरेजात नुसता धिंगाणा. माझ्या जागी दोन दिवस मालक स्वतः बसले होते. अकरा गाड्यांची अकरा कार्डं बघितली. तक्रारीत सगळीकडे एकच — 'आवाज येतो.' मालकांच्या मते त्यात आणखी काय लिहायचं?

आणि मिस्त्रींनी काय केलं? नव्या बेल्टच्या जागी नवा बेल्ट घातला. ज्या गाडीचा ब्रेक किरकिरत होता तिचा सायलेन्सर बदलला. एका बाईंच्या गाडीचा अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवला. घूंऽऽ ना घरघर, मागच्या सीटखाली पाण्याची बाटली घरंगळत होती!

सहा गाड्या परत आल्या. मला कळेना, हा माणूस असं का करतोय? मी शिकतेय म्हणून राग काढतोय की काय?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्त्रीचं वय झालं. सोमवारपासून दुसरा माणूस बघतो." मिस्त्री चार हातांवर उभे होते, हातातलं फडकं चोळत. मालक काही हळू बोलले नव्हते, तरी यांनी मान वळवली नाही. मला त्यांची कीव आली आणि स्वतःचाच राग आला. रजेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याशी धड बोललेही नव्हते.

परत आलेल्या सहा गाड्यांची कार्डं मी नव्याने लिहिली. गिऱ्हाइकांना फोनवर आवाज काढायला लावले. संध्याकाळपर्यंत सहाच्या सहा दुरुस्त! मालक तोंडात बोट घालून बघत राहिले. मिस्त्री माझ्याकडे बघत होते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

फीचा शेवटचा दिवस. पैसे पर्समध्ये. निघताना मिस्त्रींनी काउंटरवर एक जॉब कार्ड ठेवलं, त्यांच्या हातचं. गाडीचा नंबर — नाही. तक्रार — आवाज येत नाही. किती दिवसांपासून — डावा कान सहा वर्षं, उजवा चार. आतापर्यंत काय केलं — बाईंची कार्डं वाचली.

चार वर्षं!

मी खुर्चीवर बसले. पर्स खाली ठेवली. मग पेन घेऊन 'अंदाजे खर्च'समोर स्वच्छ अक्षरात लिहिलं — 'रोज दोन तास मला शिकवायचं, हातात पाना देऊन. एक वर्ष. खाडा नाही.' आणि कार्ड त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी दोनदा वाचलं, हात पुसले आणि ग्राहकाच्या जागी सही केली.