एकेचाळीस घड्याळं माझी, बेचाळिसावं धाकटीचं

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर पूर्ण, पेशाने छापखान्यातला जुळारी (म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा), आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. याची खात्री करायची असल्यास माझ्या बायकोला विचारू नये. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दडपण आणलेलं नाही, कोणी फूस लावलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि मरायचाही अनुभव नाही, तरी चूकभूल सांभाळून घ्यावी.

वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या, "काका, यात गोष्टी सांगायच्या नसतात. कोणाला काय, एवढंच लिहायचं."

मी म्हटलं, "का दिलं ते सांगितलं नाही, तर मागे राहिलेले भांडतात."

"सांगितलं तरी भांडतात," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "लिहा तुम्हाला हवं तसं. कायद्याचं मी बघते."

तेव्हा लिहितो.

कलम १. राहतं घर, त्यातलं सामान, आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या पश्चात माझ्या बायकोचं. तिच्या पश्चात मुलगा आणि मुलगी यांचं, निम्मं निम्मं. मी गेल्यावर "एकटीला एवढं घर कशाला, चल आमच्याकडे" असं तिला कोणीही म्हणू नये. तिला जायचं असेल तर ती कोणाला न विचारता बॅग भरते, हे मी पन्नास वर्षांत तीनदा पाहिलं आहे. तिन्ही वेळा परतही ती स्वतःहूनच आली, आणि आल्यावर पहिलं वाक्य "दूध आणलंत का?" हेच होतं. मागची, माझ्या घड्याळांची खोली मोकळी झाल्यावर तिथे तिला हवं ते ठेवावं. त्या खोलीवर तिचा बावीस वर्षांपासून डोळा आहे.

कलम २. आता घड्याळं. माझ्याकडे टेबलावर ठेवायची जुनी घड्याळं एकूण एकेचाळीस आहेत. भिंतीवरची नाहीत, मनगटावरची नाहीत. टेबलावरचीच का, असं लोक विचारतात. भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांवर नजर ठेवतं. टेबलावरचं एकट्या माणसाला सोबत करतं. मला सोबत करणारी वस्तू दुरुस्त करायला आवडते.

सुरुवात छापखान्यातच झाली. खिळ्यांचा विभाग बंद झाला, त्या दिवशी फोरमनच्या टेबलावरचं घड्याळ भंगाराच्या ढिगात दिसलं. काच फुटलेली, एक काटा गायब. मी ते जेवणाच्या पिशवीत घालून घरी आणलं आणि कोणाला न विचारता उघडलं. स्प्रिंग सुटून अंगठ्यावर असा फटका बसला की नख काळंनिळं झालं. मला शिकवणारं कोणी नव्हतं. जे मोडलं त्यानेच शिकवलं. चार महिन्यांनी ते घड्याळ चाललं, तेव्हा मी त्या वयात टाळ्या वाजवल्या. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं? चटका बसला का?"

तेव्हापासून तिचं एकच म्हणणं आहे: "घरात एवढी घड्याळं, आणि जेवायला हाक मारली की ह्यांचं आपलं 'पाच मिनिटं'!" हा आरोप मला मान्य आहे.

त्यांची वाटणी अशी. मिटून डबीसारखं होणारं निकेलचं प्रवासी घड्याळ मुलीला. ती रुग्णालयात पाळ्या करते, कधी कुठे झोपेल सांगता येत नाही. मुलाला टिकटिक सहन होत नाही. लहानपणी तो उशीखाली डोकं घालून झोपायचा. म्हणून त्याला संगमरवरी बैठकीचं मोठं हिरवं घड्याळ, जे मला काही केल्या चालू करता आलं नाही. बाळा, हा टोमणा नाही. ते घरातलं सगळ्यात देखणं आहे, आणि तुला शांत झोप लागो ही माझी इच्छा आहे.

फोरमनचं घड्याळ हिच्याकडेच राहील, स्वयंपाकघरात. बाकी अडतीस आपल्या भागातल्या वाचनालयाला. एका टेबलावर एक ठेवावं, उरलेली कपाटात, आणि दर महिन्याला बदलावीत. बहुतेक घड्याळांना आठ दिवसांनी चावी लागते. वार ठरवून एकाच माणसाने द्यावी. ग्रंथपालांशी माझं बोलणं झालं आहे. ते आधी म्हणाले, "आमच्याकडे भिंतीवर घड्याळ आहे की."

"चालतं का?"

ते वर न बघताच म्हणाले, "नाही." मग म्हणाले, "कधी आणताय?"

मी म्हटलं, "माझ्यावर अवलंबून नाही."

कलम ३. हत्यारं. चिमटे, बारीक पेचकस, भिंग, तेलाच्या सुया, ही सगळी पेटी दातांच्या डॉक्टरांना. ते आता निवृत्त आहेत आणि माझ्यासारखेच जुन्या बाजारात फिरत असतात. पेटीतल्या सहा बारीक वाकड्या सळ्या मुळात त्यांच्याच. दातांतली कीड कोरायच्या. "घड्याळालाही दातच असतात," म्हणून त्यांनी मला दिल्या, आणि खरोखर चाकांच्या दातांमधली घाण त्यांच्याइतकी दुसऱ्या कशानेच निघत नाही. म्हणजे मी त्यांचंच त्यांना परत करतो आहे.

परंतु सात वर्षांपूर्वी जुन्या बाजारात निळ्या मिन्याच्या तबकडीचं घड्याळ मी आधी पाहिलं होतं. मी सुटे आणायला वळलो आणि डॉक्टरांनी ते उचललं. "तुमचं होतं का? मला वाटलं, तुम्ही सोडून दिलंत," असं साळसूदपणे म्हणाले. त्या घड्याळाची चावी मात्र दुकानदाराच्या टोपलीत वेगळी पडली होती, ती मी घेतली. डॉक्टर सात वर्षं चावी शोधत आहेत. ती त्याच पेटीत, खालच्या खणात, माझ्या एकवीस चाव्यांत मिसळलेली आहे. त्यांनी एकेक लावून बघावी. हिशेब मिटला.

कलम ४. दुरुस्तीबद्दल सूचना. माझी घड्याळं पुढे कोणीही दुरुस्त करो, त्याने एवढं पाळावं: साफ करावं, तेल द्यावं, चालू करावं. चकाकी आणू नये. ओरखडे घासू नयेत. काही काढावंच लागलं तर पाकिटात घालून, वर काय आहे ते लिहून, घड्याळासोबत ठेवावं. फेकू नये. काहीही फेकू नये. माझ्या कपाटात अशी पाकिटं आहेत, त्यांतल्या एकात नुसती धूळ आहे. लोक हसतात. हे शहाणपण मला अकरा वर्षांपूर्वी आलं, आणि यायला एक घड्याळ उशीर झाला.

कलम ५. बेचाळिसावं घड्याळ. हे लिहायला मी दोन दिवस टाळाटाळ केली.

आमचे वडील पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. घरी त्यांच्या टेबलावर लाकडी चौकटीचं एक घड्याळ असायचं, पत्र्यावर चिकटवलेली कागदी तबकडी, पितळी काटे. ते संध्याकाळी साडेपाचला घरी येत. धाकटी बहीण चार वर्षांची होती, तिला घड्याळ कळत नव्हतं. ती दिवसभर आईला विचारून भंडावून सोडायची. शेवटी आईकडून जागा विचारून घेऊन धाकटीनेच काच उघडली आणि शाईपेन्सिल जिभेवर ओली करून सहाच्या आकड्याच्या अलीकडे, साडेपाचला लहान काटा पोचतो तिथे, एक जांभळा ठिपका काढला. काटा ठिपक्यावर आला की बाबा. मला वाटलं, आता मार बसणार. वडिलांनी बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "झालं! आता मला उशीर करायची सोय राहिली नाही." त्यांनी तो ठिपका कधी पुसला नाही.

त्यांचं शेवटचं आजारपण धाकटीनेच काढलं. घड्याळ तिच्याकडे गेलं, ते योग्यच झालं. अकरा वर्षांपूर्वी ते बंद पडलं तेव्हा ती माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, "दादा, नुसतं चालू कर. बाकी काही करू नकोस."

तेव्हा मी स्वतःला घड्याळांतला वाघ समजत होतो. घड्याळ एका दुपारी चालू झालं. मग मी तबकडीकडे बघत बसलो. तांबूस डाग, कडा सुटलेल्या, आकडे उडालेले. मी विचार केला, हिला चकित करू. जुन्या छापखान्यात ओळख होतीच. स्वतः आकडे निवडले, अंतरं जुळवली, जाड हस्तिदंती कागदावर नवी तबकडी छापून घेतली. इतकं नेटकं काम मी नोकरीतही केलं नव्हतं. जुनी तबकडी ओल्या फडक्याने सोडवली, आणि ती लगदा होऊन निघाली, तशी टोपलीत टाकली. ठिपका मला आठवला नाही. खरं सांगायचं तर काढताना दिसला होता. मला तो डाग वाटला.

धाकटी आली. मी फडकं ओढून घड्याळ उघडं केलं, जादूगारासारखं. तिने पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाली, "माझा ठिपका कुठे आहे?" मी टोपलीकडे बघितलं. टोपली सकाळीच रिकामी झाली होती. मी म्हणालो, "अगं, पण आकडे बघ ना किती सुंदर आलेत." हे वाक्य मी बोललो. ते परत घेता आलं असतं तर हे कलम लिहावं लागलं नसतं. ती म्हणाली, "हे माझं घड्याळ नाही," आणि ते तिथेच ठेवून गेली. मी माफी मागितली नाही. मोठा भाऊ ना मी. मग दिवस गेले, आणि जितके दिवस गेले तितकं जड होत गेलं.

तरी मी, खाली सही करणारा, ते घड्याळ माझ्या पश्चात माझ्या धाकट्या बहिणीला देतो, आणि सोबत एक पत्र ठेवतो, ते तिने वाचावं.

येथवर रविवारी लिहिलं. पुढचं बुधवारचं.

रविवारी जेवण झाल्यावर हिने हे कागद वाचले. कलम ३ ला हसली. कलम ५ वाचून चष्मा काढला.

"म्हणजे तुम्ही मेल्यावर ती पत्र वाचणार, रडणार, आणि तुम्ही ऐकायला नसणार. फार सोयीचं आहे."

"तसं नाही..."

"किती लांब राहते ती?"

"चार थांबे."

"अकरा वर्षं, चार थांबे," ही म्हणाली, आणि ताटं उचलून आत गेली. त्यानंतर दोन दिवस घरात घड्याळं तेवढी बोलत होती.

मंगळवारी मी घड्याळ टॉवेलात गुंडाळून बसमध्ये बसलो. दार धाकटीनेच उघडलं. मला बघून तिचा हात छातीवर गेला. "कोण गेलं?"

"कोणी नाही. जायच्या आधी आलोय."

"वहिनी बरी आहे?"

"तिनेच पाठवलंय."

"म्हणजे बरी आहे. ये."

तिने चहा टाकला. टॉवेलाकडे एकदाही बघितलं नाही. बसमध्ये मी पाच-सहा चांगली वाक्यं जुळवली होती; जुळवलेलं पान हातातून सांडावं तशी ती सांडली. शेवटी म्हटलं, "तू नुसतं चालू कर म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही. मला किती येतं ते तुला दाखवायचं होतं. ठिपका दिसला होता मला, पण मी बघितला नाही. चुकलं माझं."

तिने चहा गाळला. मग म्हणाली, "एवढ्या चार ओळी जुळवायला अकरा वर्षं? छापखान्यात टिकलास कसा रे तू?"

मला हसूही येईना आणि दुसरंही काही आवरेना. तिने टॉवेल उघडला. "चालतंय?"

"दर आठवड्याला चावी दिली आहे."

"तबकडी छान झालीय," ती म्हणाली. "तेव्हाच दिसत होतं मला. म्हणून तर जास्त राग आला."

"तू म्हणशील तर सहाच्या अलीकडे मी..."

"खबरदार! तू हात लावायचा नाहीस." मग काचेवरून बोट फिरवत हळूच म्हणाली, "आणि आता मला घड्याळ वाचता येतं, दादा."

कलम ५ याद्वारे रद्द करण्यात येत आहे. मृत्युपत्रात माणूस आपलं असेल तेच देऊ शकतो, आणि सदर घड्याळ माझं नाही, तिचं आहे, तिच्या टेबलावर आहे. पत्रही रद्द. मजकूर तोंडी पोचला. रद्द कलम खोडू मात्र नये, आहे तसं राहू द्यावं. कारण कलम ४ मध्ये दिलं आहे.

राहिला प्रश्न साक्षीदारांचा. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला या कागदाने काही मिळणार त्याने साक्षीला राहू नये. बायको, मुलं, डॉक्टर, ग्रंथपाल, सगळे बाद. ओळखीच्या प्रत्येकाला मी काही ना काही देऊन बसलो होतो. एक साक्षीदार वकीलबाई स्वतः. दुसरा कोण, म्हणून मी डोकं खाजवत असता धाकटी, जी आज सकाळी वहिनीला भेटायला म्हणून आली आहे, ती आतून म्हणाली, "मला यातलं काहीच मिळणार नाही ना? नक्की? मग आणा ते पेन."

स्थळ: मागची खोली, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: १९ नोव्हेंबर, बुधवार, दुपारचे पावणेचार (एकेचाळिसांपैकी बहुसंख्य घड्याळांनुसार).

सही: (मी, जुळारी, निवृत्त)

साक्षीदार पहिली: वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. कायद्याबाहेरचा मजकूर मी काढलेला नाही.

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. माझ्या भावाने माझ्यासमोर सही केली. तो पूर्ण शुद्धीत होता, नाक तेवढं दोनदा पुसलं. येत्या रविवारी दोघांनी माझ्याकडे जेवायला यायचं, हे त्याने माझ्यासमोर कबूल केलं आहे. "पाच मिनिटं" चालणार नाहीत. हेही त्याच्यावर बंधनकारक समजावं, आणि मेल्यानंतर नव्हे, आधीच अमलात आणावं.