ओढणीच्या कोपऱ्यातली हळद

आई, आज दिवाळी आहे, ऐप्पसी महिन्याचं, आपल्याकडच्या ऐन पावसाचं आभाळ गच्च भरलंय आणि मला रेशमावरचा एक डाग काढायचा आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तुझ्याशी मनात बोलायची सवयही मोडली असेल असं वाटलं होतं. पण ही गोष्ट विचारावी असं या घरात दुसरं कुणी उरलेलं नाही. तुझी नात आतल्या खोलीत दार लावून बसली आहे.

परवा ती मद्रासहून आली. तिथं उंची कपडे शिवून विकणाऱ्या एका नावाजलेल्या बाईंच्या दुकानात ती नोकरीला आहे. काल संध्याकाळी ती मैत्रिणीकडे गेली असताना मी देवापुढं पाटावर नवे कपडे मांडले, तू मांडायचीस तसे. माझं सुती पातळ, कामवालीची साडी, आणि तिच्या पेटीत वरच पातळ कागदात गुंडाळलेला मोतिया रंगाचा रेशमी सलवार-कमीज. मला वाटलं, पोरीनं दिवाळीला घेतला. तू म्हणायचीस, "अस्के कपडे देवापुढं ठेव, एकही सोडू नको, हळद लागली की कपडा आपला, तोवर तो दुकानदाराचा." म्हणून ओल्या हळदीचं बोट प्रत्येकाच्या कोपऱ्याला लावलं. तिच्या ओढणीलाही लावलं.

पहाटे तेल लावून न्हाऊन आली, केसांना पंचा तसाच, आणि पाटाकडे बघत उभी राहिली.

"अम्मा, हे इथं कसं आलं?"

"मी ठेवलं. नवं आहे ना?"

"हळद लावलीस?"

"उडदाएवढी. कोपऱ्यात. कोण बघतंय."

"ते माझं नाहीये गं."

मी काही बोलायच्या आत ती ओढणी घेऊन मागच्या दारी धुण्याच्या दगडाकडे धावली आणि साबण चोळू लागली. साबण लागल्यावर हळदीचं काय होतं ते तुला सांगायला नको. पिवळा ठिपका लालभडक झाला, कुंकू सांडावं तसा, आणि पसरला. तेव्हा तिनं सांगितलं. उद्या आडुतुरै गावी तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं लग्न आहे, भातगिरणीवाल्यांची मुलगी. तिथं साध्या कपड्यात गेलं तर लोक वाढपी समजतात म्हणे. म्हणून हा जोड दुकानातून न विचारता आणला. मालकीणबाई परगावी आहेत. त्या यायच्या आत तो परत हँगरवर लागला पाहिजे. नाही लागला तर नोकरी जाईल, आणि नुसती नोकरी जाणार नाही. चोर म्हणतील तिला, आई. त्या धंद्यात सगळी दुकानं एकमेकांना ओळखतात, दुसऱ्या दारातही तिला कुणी उभं करणार नाही.

मी काय बोलायला हवं होतं? समजूत काढायला हवी होती. ती म्हणाली, "तुझ्या त्या दारावर येणाऱ्या गाठोडेवाल्याच्या सुतावर लावायची होतीस हळद." मी म्हटलं, "माझ्या सुतावरून मला कुणी चोर म्हणत नाही." त्यावर तिनं दार लावलं. जन्मभर वर्गात मुलींना बोलून बोलून माझी जीभ अशी झाली आहे, ती घरी आल्यावरही म्यान होत नाही. पण मला राग तिचा येत नाही, त्या कापडाचा येतो. त्याला किमतीची चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीवर आकडा नाही. शिवणारीला परवडत नाही, विकणारीला परवडत नाही, आणि एक दिवस अंगावर घालावं म्हटलं तर चोरून घालावं लागतं. असल्या कपड्याला किंमत म्हणायची की खोड?

पण राग करून डाग जात नाही. सकाळपासून मी आठवते आहे. कॉन्व्हेंटमधला माझा पांढरा युनिफॉर्म. बाकीच्या मुलींचा मिलच्या पॉपलिनचा, माझा तू गाठोडेवाल्याकडून घेतलेल्या जाड्या कापडाचा, वर्षभर पुरावा म्हणून दोन बोटं ढगळ शिवलेला. पहिल्याच दिवशी सिस्टरनं खालच्या शिवणीतली हळद पाहिली. "हा युनिफॉर्म आहे की पोतेरं?" असं विचारून तिनं मला व्हरांड्यात उभं केलं. घरी येऊन मी तो तुझ्या अंगावर फेकला. साबणानं धुवायला गेले होते, तो असाच लाल झाला होता. सोमवारी तो पांढराशुभ्र घडी करून पाटावर ठेवलेला होता. तू काय केलंस ते मी विचारलं नाही. मी तेव्हा इंग्रजी कविता पाठ करत होते.

ही तुझी नात सहा-सात वर्षांची असताना, तुझ्या शेवटच्या दिवाळीला, रेशमी पावडै, तिचा नवा परकर, घेऊन तुझ्यापुढं बसली होती. "आजी, मला मोठा ठिपका लाव, सगळ्यांना दिसला पाहिजे." तू हसत रुपयाएवढा लावलास. मी चिडले, एवढं चांगलं कापड खराब केलं म्हणून. तू म्हणालीस, "थांब गं, उन्हात ठेवते थोडा वेळ, फिका होईल." ती रडायला लागली, फिका नको म्हणून, आणि तू तो तसाच राहू दिलास.

लिहिता लिहिता हे हाताखाली आलं. ऊन. त्या रविवारी तू गच्चीवर कठड्याशी बसून होतीस, मांडीशी पाण्याचा तांब्या, युनिफॉर्मवर पाण्याचा हबका मारत आणि कावळे हाकत. मला वाटलं होतं तू वाळवण राखते आहेस.

मी उठून दाराबाहेरून तिला सांगितलं. मग कडी निघाली. "रेशमाचा रंग उडाला तर?" मी म्हटलं, ठाऊक नाही. ते खरंच मला ठाऊक नाही, आई. तिनं ओढणी साध्या पाण्यात खळबळली, लाल जाऊन पुन्हा पिवळं झालं, आणि आता ती गच्चीवर छत्री घेऊन उभी आहे, आभाळाकडे बघत. ओढणीचा बाकीचा चांगला भाग उन्हापासून झाकायला तिनं माझं नवं सुती पातळ नेलंय, न विचारता.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. काल हळद लावायच्या आधी मी ती ओढणी खांद्यावर घेऊन आरशापुढं उभी राहिले होते. बराच वेळ. मला ती काढवत नव्हती.

वरून हाक आली, "अम्मा, तांब्या आण." ऊन आलं असावं.